गप्प असल्याचं पॅकेट

"तू म्हणलीस."

"मी तसं बोलले नाही."

"आवाज कुणाचा आहे मग?"

"आवाज माझा आहे."

"हां. आवाज तुझा, नंबर तुझा, नाव तुझं. बोललं मात्र भूत."

रणधीर भोईटेनं टेबलावरचा फोन पुन्हा दाबला. हॉस्पिटलचं रेकॉर्डिंग सुरू झालं. खरखर नाही, तुटणं नाही. आजकाल कुठलाच फोन तुटत नाही.

डॉक्टर मुल्लांचा आवाज: "शर्वरीताई, उजवा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागेल. थांबलो तर विष अंगभर जाईल. ते शुद्धीवर नाहीत, संमती तुमची लागेल. आहे का?"

मग तिचा: "हो. करा, डॉक्टर. वाचवा त्यांना."

"त्यांना!" रणधीर म्हणाला. "लग्न झाल्यापासून 'अरे रणधीर, अरे रणधीर'. आणि पाय कापायची वेळ आली तेव्हा मी 'त्यांना' झालो. नाटकी."

शर्वरीनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो तसाच परत सरकवला.

रणधीर फलटणच्या क्लबात खो-खोचा प्रशिक्षक. होता. बारामती रस्त्यावर ड्रायव्हर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीनं त्याला कडेच्या भिंतीशी दाबलं, त्या दिवशी शर्वरी हैदराबादला एका परिषदेत होती. हॉस्पिटलनं तिला तिथं फोन लावला. पाय गेला, रणधीर राहिला.

आणि राहायचं नाही हे त्यानं आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्याचा जुना जोडीदार दिग्या, एके काळी खांबाला हात लावून असा सूर मारायचा की पाठलाग करणारा बघत राहायचा. त्याचा पाय गेला तेव्हा हे दोघं त्याला भेटायला गेले होते. परत येताना रणधीर गाडी बाजूला घेऊन म्हणाला होता, "माझ्यावर ही वेळ आली तर काढू द्यायचा नाही. मेलो तरी चालेल. शब्द दे." शर्वरीनं दिला होता. वाद नको म्हणून नाही, मनापासून.

आता रेकॉर्डिंग काय म्हणतं ते तुम्ही ऐकलंत. शर्वरीला जे आठवत होतं ते असं:

डॉक्टर: संमती तुमची लागेल. आहे का?

शर्वरी:

डॉक्टर: ठीक आहे. घेतो आत.

मधल्या ओळीत काही नाही. छपाईत राहिलेलं नाही, तिथं काही नव्हतंच. तिच्या तोंडून 'हो' निघेना आणि 'नको' निघेना. तेवढ्यात डॉक्टर "घेतो आत" म्हणाल्या आणि फोन ठेवला गेला. शर्वरीला वाटलं, बाईंनी आपली वाट न बघता स्वतःच ठरवलं.

महिन्याभरानं रणधीरनं हॉस्पिटलकडून रेकॉर्डिंग मागवलं. त्या दिवसापासून घरात हे एकच भांडण होतं, आणि त्यात शर्वरी रोज हरत होती, कारण तिच्याविरुद्धचा साक्षीदार तीच होती.

*

आता थोडं यंत्राविषयी. हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. पुढची सगळी मारामारी इथूनच सुरू होते.

फोनवर आपला आवाज सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे. एकेक तुकडा एकेका पॅकेटमध्ये भरला जातो. पॅकेटं मिळेल त्या वाटेनं पळतात आणि पलीकडच्या यंत्रात एका रांगेत उभी राहतात. ही रांग सांभाळायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. रांग भरली, पॅकेट फाटकं निघालं, उशिरा पोचलं, की ती ते टाकून देते. याला पॅकेट गळणं म्हणतात. गळालेल्या जागी कानाला भोक ऐकू येतं.

गाड्या, पंप, ट्रॉल्या, मीटर सगळेच हवेतून बोलायला लागले तशी गळती इतकी वाढली की फोनवर वाक्य पुरं ऐकू येईना. तेव्हा मिहीर फाटकांनी 'पूरक' लिहिला. राज्यातले जवळपास सगळे फोन आणि हॉस्पिटलांची यंत्रं 'तळ' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, आणि तिच्या नेटवर्किंगच्या कोडचे मेंटेनर म्हणजे सांगलीचे फाटक. मेंटेनर म्हणजे दारातला माणूस. तो हो म्हणाल्याशिवाय एक ओळही आत जात नाही.

पूरक काय करतो? फोन लागताक्षणी बोलणाऱ्याच्या आवाजाचा ठसा पलीकडे पाठवला जातो. मध्ये भोक पडलं की पूरक आधीचं बोलणं बघतो, तिथं माणसं बहुधा काय बोलतात याचा अंदाज बांधतो आणि त्याच आवाजात तेवढं भरतो. "मी उद्या ये–" एवढं पोचलं तर "–ते" तो घालतो. एवढंच. लोकांनी फाटकांचे सत्कार केले. माणसं म्हणायला लागली, हल्ली फोनवर सगळे गोड झालेत. सून सासूला 'हो' म्हणते, साहेब 'बघतो' म्हणतात.

हे का, ते कुणी विचारलं नाही. गोड बोलण्याची तक्रार कोण करतं?

शर्वरी पगार घेऊन 'तळ'च्या याच कोडवर काम करायची, घरून. अपघातानंतर कामावर परतली तेव्हा हॉस्पिटलांकडून आलेली एक तक्रार कुणी घेत नव्हतं म्हणून तिच्याकडे आली: लाइन चांगली आहे, तरी गळलेल्या पॅकेटांचा आकडा फुगतोय.

तिनं कोड उघडला. रांगेच्या दारातच एक अट होती.

पॅकेट ठरावीक मापापेक्षा लहान असेल तर फाटकं समजा आणि टाका.

शर्वरी खुर्चीत मागे रेलली.

कारण एक पॅकेट जन्मतःच लहान असतं. आपण बोलायचं थांबलो की फोन बॅटरी वाचवायला आवाज पाठवणं बंद करतो आणि अधूनमधून एक चिमुकलं पॅकेट सोडतो. त्यात आवाज नसतो. त्याचा अर्थ एवढाच: मी आहे, गप्प आहे. पलीकडच्या यंत्रानं ते वाचून शांतता ठेवायची असते.

'तळ' ते दारातच टाकत होती. फाटकं म्हणून. मग रांगेत भोक दिसायचं.

आणि भोक दिसलं की पूरक बोलायचा.

*

दुरुस्त्या लिहिण्याची एक रीत असते. काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक. सवय अशी लागते की माणूस घरातही तसाच वाचायला लागतो.

− रणधीर म्हणाला, "चहा नको."
+ रणधीर म्हणाला, "तुझ्या हातचा नको."

− शर्वरीनं विचारलं, "मैदानावर सोडू का? पोरं आठवण काढतात."
+ शर्वरीनं विचारलं, "किती दिवस असा बसणार आहेस?"

− "तू जा. तूच खेळ. तुला दोन आहेत."

शेवटच्या ओळीला अधिक सापडत नव्हतं. ती तशीच राहिली.

*

आवृत्ती पहिली

लिस्टवर, म्हणजे 'तळ'ची माणसं सगळ्यांदेखत भांडतात त्या मेलिंग लिस्टवर, शर्वरीनं दुरुस्तीचा पॅच पाठवला. एकच ओळ उडवलेली: मापाची अट. वर टीप: "लहान पॅकेटं टाकू नयेत."

फाटकांचं उत्तर जेवणाच्या आत आलं, वर तिचंच वाक्य उचलून.

> लहान पॅकेटं टाकू नयेत.

बाई, का टाकतो हे वाचायची तसदी घेतलीत का? कुणीतरी पोकळ पॅकेटांचा मारा करून अर्ध्या राज्याचे फोन झोपवले होते, तेव्हा तुम्ही बहुधा शाळेत होता. ती अट मी लिहिली आहे. दार सताड उघडं टाकून झोपायची पद्धत तुमच्याकडे असेल, इथं नाही. नामंजूर. पुन्हा पाठवण्याआधी विचार करावा, जमत असेल तर.

लिस्टवरच्या कुणीतरी हसरा चेहरा टाकला. शर्वरीनं तो कुणी टाकला हे बघितलं आणि लक्षात ठेवलं.

फाटकांचं एक मात्र खरं होतं. नुसती अट उडवून चालणार नव्हतं. आणि आपल्याला वाटतंय ते खरंच घडलं का, हेही तिला अजून माहीत नव्हतं. त्यासाठी त्या फोनची तारेवरून आली तशीच्या तशी पॅकेटं बघायला हवी होती. संमतीच्या प्रत्येक फोनची ती हॉस्पिटलात जपून ठेवायची असतात.

*

डॉक्टर नाझनीन मुल्लांनी तिला तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत नेलं. तक्रार हॉस्पिटलचीच होती, त्यामुळे अडवण्याचा प्रश्न नव्हता.

"भोईटेसर कसे आहेत?"

"जिवंत आहेत," शर्वरी म्हणाली. "त्याबद्दलच राग आहे."

डॉक्टर हसल्या. मग शर्वरी हसत नाही हे बघून थांबल्या.

पडद्यावर पॅकेटं एकाखाली एक आली. डॉक्टरांचा प्रश्न दिसत होता. त्यानंतर हैदराबादहून आलेली रांग: चिमुकली, सगळी सारखी. मी आहे, गप्प आहे. मी आहे, गप्प आहे. मी आहे, गप्प आहे. आवाजाचं पॅकेट एकही नाही.

एकही गळालेलं नव्हतं. सगळी पोचली होती, आणि पोचल्यावर फेकली गेली होती.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलंत ना, 'हो, करा डॉक्टर'? ते इथं असायला हवं होतं."

"आणि नाही?"

"नाही. मी गप्प होते. ते तुमच्या फोनमध्ये तयार झालं. तुमच्या प्रश्नाला बहुतेक बायका जे उत्तर देतात ते."

डॉक्टर मुल्ला पडद्याजवळ सरकल्या. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला होता.

"म्हणजे मी कुणाला विचारून कापला पाय?"

"पूरकला."

"आणि तुम्ही काय करत होता? मी तिकडे टेबलाशी उभी, माणूस हातातून चाललाय, आणि तुम्ही फोन धरून गप्प?"

"शब्द दिला होता मी त्याला. काढू देणार नाही म्हणून."

"मग नाही म्हणायचं! मी कायद्याचा दुसरा रस्ता धरला असता, दोन डॉक्टरांच्या सह्या घेतल्या असत्या. हो म्हणा, नाही म्हणा. गप्प राहून तुम्ही मला अडकवलंत." त्यांनी पडदा बंद केला. "कॉपी घेऊन जा. नियमानं द्यावीच लागते. पण ताई, एक सांगते. तुमच्या नवऱ्याचा जीव मी वाचवलाय. हे कागद घेऊन माझ्या दारात येऊ नका."

*

आवृत्ती दुसरी

आता कोड नीट होता. अट तशीच राहू द्यायची. पण लहान पॅकेटवर 'गप्प' ही खूण असेल तर ते आत घ्यायचं, आणि तेही ठरावीक वेगानंच, म्हणजे मारा करता येणार नाही. शांतता असेल तिथं पूरकनं तोंड उघडायचं नाही.

पण खरी गोष्ट पॅचवरच्या टिपेत होती. ही रीत या लोकांखेरीज कुणाला माहीत नसते. प्रत्येक दुरुस्तीवर टीप लिहावी लागते: काय बिघडलं होतं, वापरणाऱ्याला त्याचा काय त्रास झाला, आणि ही चूक मुळात कुणाच्या कुठल्या बदलानं आत आली. ती टीप कोडला कायमची चिकटते. कोड बदलतो, टीप बदलता येत नाही.

शर्वरीनं लिहिलं:

गप्प असल्याची पॅकेटं फाटकी समजून टाकली जात होती. त्यामुळे बोलणारी व्यक्ती गप्प असताना तिच्या तोंडी तिनं न उच्चारलेले शब्द घातले जात होते. एका घटनेत याचा वैद्यकीय संमती म्हणून वापर झाला.
मूळ चूक: मि. फाटक, "रांगेच्या दाराशी मापाची अट".
सही: शर्वरी भोईटे

> तिच्या तोंडी तिनं न उच्चारलेले शब्द

कोड ठीक आहे. आश्चर्य वाटलं. टीप चालणार नाही. ही कोडची भाषा नव्हे, कज्जेदलालीची आहे. पूरक आल्यापासून फोनवर किती करार, किती संमत्या झाल्या असतील याची कल्पना आहे? तुमच्या एका वाक्यानं सगळ्यांवर पाणी पडेल. "लहान पॅकेटांची हाताळणी सुधारली" एवढं पुरे. घरचे तंटे लिस्टवर आणू नयेत.

'तळ' चालवणाऱ्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातूनही तेच सांगायला फोन आला. तिथला माणूस फार गोड बोलला. तो खरंच तसं बोलला की नाही याची शर्वरीला खात्री नव्हती.

टिपेतलं ते वाक्य काढलं की पॅच त्याच दिवशी आत जाणार होता. यापुढे कुणाच्या तोंडी शब्द जाणार नव्हते. फक्त तिच्या तोंडी गेलेले शब्द तिचेच म्हणून राहणार होते.

*

तिनं रणधीरला पॅकेटं दाखवली. खुर्ची त्याच्या शेजारी ओढून, एकेका ओळीवर बोट ठेवून.

तो खेळाडू होता, चटकन समजला. ओळी खालपर्यंत बघितल्या, पुन्हा वर गेला.

"म्हणजे तू बोललीच नाहीस."

"रोज सांगतेय."

"नाही बोललीस." त्यानं तिच्याकडे बघितलं. अपघातानंतर पहिल्यांदा असं, टक लावून, राग न ठेवता. शर्वरीचा हात टेबलावर होता, त्यावर त्यानं हात ठेवायला उचलला सुद्धा.

आणि मध्येच थांबवला.

"मग 'नाही' कुठंय?"

"काय?"

"'नाही, काढू नका.' ते कुठंय यात?" तो पडद्यावर बोट आपटायला लागला. "गप्प, गप्प, गप्प, गप्प. शब्द दिलेलास ना मला? मी तिथं मरत पडलोय, दोन अक्षरं बोलायची होती, आणि तू काय केलंस? मला वाटत होतं, बाईनं धोका दिला. धोका परवडला गं. हे काय आहे? हे तर काहीच नाही!"

"रणधीर, माझ्या तोंडून–"

"पोरांना काय शिकवतो मी? बसलेल्यानं खो मिळाला की उठायचं. डावीकडे नाहीतर उजवीकडे. मध्ये उभं राहिलं की बाद."

"हा खेळ नव्हता."

"नव्हताच. खेळात निदान शिट्टी वाजते."

त्यानं कुबड्या घेतल्या आणि आत गेला. थोड्या वेळानं आतून त्याचा फोनवरचा आवाज आला. वकिलाशी बोलत होता. संमती नव्हती. पुरावा आहे. डॉक्टरवर केस होते का?

जेवताना तो जवळजवळ खुशीत होता.

"ते वाक्य काढू नकोस बरं का. तो सांगलीचा थेरडा काय वाट्टेल ते म्हणू दे. त्या वाक्यावर केस उभी आहे."

− शर्वरीला हवं ते मिळालं: नवऱ्यानं तिच्यावर विश्वास ठेवला.
+ शर्वरीला हवं ते मिळालं.

*

आवृत्ती तिसरी

ती तिनं लिहिली आणि पाठवली नाही. तिच्यात ते वाक्य नव्हतं. "लहान पॅकेटांची हाताळणी सुधारली." डॉक्टर सुटतील, केस पडेल, फाटक खूश, पुणे खूश. रणधीर तिला पुन्हा खोटारडी म्हणेल. त्याची तर सवय झाली होती. पाठवायच्या बटणावर बोट होतं तेवढ्यात फोन वाजला.

"फाटक बोलतोय. सांगलीहून."

लिस्टवरचा माणूस फोनवर कसा बोलतो हे तिला माहीत नव्हतं. तसाच बोलत होता.

"तुमची ती दुसरी आवृत्ती चालवून बघितली. मेंटेनरला करावं लागतं. लोक काहीही कचरा पाठवतात."

"काही बिघडलं का, सर?"

"बिघडलं तर सांगितलं नसतं का लिस्टवर? फोडून काढलं असतं तुम्हाला." थोडा खाकरल्याचा आवाज. "माझा मुलगा असतो कॅनडात. रविवारी फोन करतो. मी आपला सांगतो, गुडघा असा दुखतो, नगरपालिका अशी. तो म्हणतो, 'हो बाबा. खरंय बाबा. काळजी घ्या, बाबा.' फार चांगलं बोलतो. बायको गेल्यापासून जास्तच. मी लोकांना सांगायचो."

शर्वरी काही बोलली नाही.

"काल तुमचा पॅच माझ्या फोनवर टाकून बोललो." पुन्हा खाकरणं. "तो काही बोलतच नाही हो. 'हॅलो' म्हणतो, आणि शेवटी 'ठेवतो' म्हणतो. मधलं सगळं मीच लिहिलेलं."

"सर–"

"सांत्वन नको. त्यासाठी फोन केलेला नाही. आत्ता तुम्ही गप्प होता तेव्हा मला खरंच काही ऐकू आलं नाही, एवढं तपासायचं होतं. चाललं. टीप बदलू नका. वाईट लिहिलीय, पण खरी आहे. आणि मूळ चूक म्हणून माझं नाव घातलंय ते तसंच ठेवा. कुणी काढायला सांगितलं तर माझ्याकडे पाठवा, मी बघतो त्याच्याकडे."

दुपारपर्यंत दुसऱ्या आवृत्तीचा पॅच टिपेसकट आत गेला. लिस्टवर फाटकांनी एकच ओळ लिहिली: "घेतला. भाषा बटबटीत आहे." हसरा चेहरा टाकणाऱ्यानं या वेळी काही टाकलं नाही.

मग गावोगावचे फोन हळूहळू अद्ययावत झाले आणि लोकांच्या कानावर शांतता पडायला लागली. सुना गप्प निघाल्या, साहेब गप्प निघाले. बँकांनी फोनवरचे होकार थांबवले. वर्तमानपत्रांनी फाटकांचे जुने सत्काराचे फोटो काढून त्यांवर फुल्या मारल्या. आणि डॉक्टर नाझनीन मुल्लांना वकिलाची नोटीस गेली.

त्यांनी शर्वरीला एकच संदेश पाठवला: "सांगितलं होतं."

*

वकील जाचक टेबलावरच्या पडद्यावर आले, पुण्याच्या त्यांच्या ऑफिसातून. साक्ष पक्की करायची होती. रणधीर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याच्या मांडीखाली नवा यांत्रिक पाय होता. बरेच दिवस कोपऱ्यात पडलेला, केस उभी राहिल्यापासून तो लावायला लागला होता.

"मॅडम, पॅकेटं भक्कम आहेत," जाचक म्हणाले. "पण त्यांनी एवढंच सिद्ध होतं की तुम्ही गप्प होता. डॉक्टरांचा वकील म्हणेल, गप्प म्हणजे विरोध नव्हता. म्हणून पुढचा प्रश्न मीच विचारून ठेवतो. त्या क्षणी बोलला असता, तर काय बोलला असता?"

"नाही म्हणली असती," रणधीर म्हणाला. "शब्द दिलाय तिनं मला."

"त्यांनाच बोलू द्या, सर."

"ती बोलेल की. सांग गं."

शर्वरीनं रणधीरकडे बघितलं. तो तिला मान डोलवून दाखवत होता, मैदानाच्या कडेनं पोरांना दाखवतो तशी. ऊठ, धाव, तिकडे. पूरकनं तिच्या तोंडात 'हो' घातला होता. हा 'नाही' घालत होता. डॉक्टरांना कुठलंही एक चाललं असतं. पुण्याच्या संस्थेला काहीच नसलं तर जास्त आवडलं असतं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"असं चालणार नाही, मॅडम–"

"पुरं बोलू द्या. तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टर 'घेतो आत' म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी तिथं परिषदेच्या जिन्यावर बसले आणि मला बरं वाटलं. शब्द मोडायला लागला नाही आणि माणूसही राहिला. दुसऱ्या कुणीतरी ठरवलं, मला फुकट मिळालं." ती रणधीरकडे वळली. "पण कुणी ठरवलंच नव्हतं. आता माझ्याशिवाय ठरवायला कुणी उरलेलं नाही. मग ऐक. मी हो म्हणाले असते. तुला दिलेला शब्द मोडला असता. पाय काढा म्हणाले असते."

रणधीरची मान डोलायची थांबली.

"काय?"

"ऐकलंस तू."

तो एकदम हसला. त्या हसण्यात चांगलं काही नव्हतं. "मग मशीनचं चुकलं काय? तेच बोललं की ते! एवढी वर्दी दिलीस सगळ्या राज्याला, म्हाताऱ्याचं वाटोळं केलंस, घरात आग लावलीस. कशासाठी? तुझ्या पोटात होतं तेच बाहेर आलेलं."

"ते माझं मी बोलायचं होतं. तुझ्या तोंडावर. आता बोलले. आता शिव्या दे, त्या मला लागू दे."

"देतोच आहे." त्यानं खुर्ची मागे ढकलली. "जन्मभर देईन. माफ नाही करणार."

"माफी मागितलेली नाही मी."

पडद्यावर जाचक चष्मा काढून पुसत होते. त्यांनी तो परत घातला आणि अवघडून विचारलं, "मॅडम, हे... नोंदीत घ्यायचं का? घेतलं तर केस उरत नाही. बघा. मी आत्ता ऐकलंच नाही असंही समजू शकतो."

"नाही घ्यायचं," रणधीर म्हणाला.

"घ्या," शर्वरी म्हणाली.